अर्धी लाईन आणि पुरा भरोसा

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता. थोरलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आता तिला ठेवायचे कुठे? शिंदखेड्याहून पुणे म्हणजे एसटीची एक पूर्ण रात्र. घरातली पहिलीच मुलगी शिक्षणासाठी इतक्या लांब निघालेली. अम्मींचा जीव खालीवर होत होता आणि नातेवाइकांचे फोन थांबत नव्हते. खालाजान म्हणत होत्या, वनाझच्या बाजूला खोली पाहा. पिंपरीचे मामू म्हणत होते, आमच्याकडेच पाठवा. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एक वाक्य ठरलेले : “आता काय काळजी, मेट्रो झाली आहे ना!”

आम्ही शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. शब्दापाशी अडायची सवय जात नाही. ‘झाली आहे’ म्हणजे नेमके काय झाले आहे? फीत कापली आहे, गाडी धावते आहे, की दारापासून दारापर्यंत मुलगी सुखरूप पोहोचेल इतके सगळे झाले आहे? या तीन गोष्टी एक नाहीत. त्यांच्यामधले अंतर कधी महिन्यांचे असते, कधी वर्षांचे. आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात. म्हणून या महिन्यात हा विषय वाचकांसमोर ठेवावासा वाटला : काम पुरे होण्याआधी मेट्रो उघडते, तेव्हा आपण किती भरोसा ठेवायचा?

तुकड्या-तुकड्याने आलेली पुण्याची मेट्रो

पुणे मेट्रोची पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ रोजी झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले ६ मार्च २०२२ रोजी. त्या दिवशी सुरू झाले ते दोन तुकडे : वनाझ ते गरवारे कॉलेज हा सुमारे ५ किलोमीटरचा आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा सुमारे ७ किलोमीटरचा. ३३ किलोमीटरच्या आराखड्यापैकी १२ किलोमीटर, दहा स्थानके. काम पूर्ण झालेले नसताना उद्घाटन कशाला, अशी टीका त्या वेळी शरद पवार यांनी जाहीरपणे केली होती. दुसऱ्या बाजूने उत्तर होते की जेवढे तयार आहे तेवढे लोकांना का वापरू देऊ नये.

दोन्ही बोलण्यांत तथ्य होते. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने खरी अडचण वेगळीच होती. ते दोन तुकडे एकमेकांना जोडलेले नव्हते. पिंपरीचा माणूस फुगेवाडीला उतरून करणार काय? त्याला जायचे असते स्टेशनला, मंडईला, डेक्कनला. त्यामुळे सुरुवातीच्या काळात हौसेने बसणारे पुष्कळ, रोज कामाला जाणारे थोडे, असे चित्र राहिले. १ ऑगस्ट २०२३ रोजी गरवारे ते रुबी हॉल आणि फुगेवाडी ते दिवाणी न्यायालय हे पुढचे भाग सुरू झाले, दोन्ही मार्ग न्यायालयापाशी भेटले, आणि तेव्हा कुठे मेट्रो रोजच्या उपयोगाची झाली. प्रवाशांची संख्या एकदम वाढली ती तेव्हापासून.

त्या दिवशीही सारे पुरे नव्हतेच. खडकी आणि रेंज हिल या स्थानकांवरून गाडी न थांबता पुढे जात होती. खडकीचे स्थानक उघडायला जून २०२५ उजाडले. ६ मार्च २०२४ रोजी रुबी हॉल ते रामवाडी हा भाग सुरू झाला, पण मधले येरवडा स्थानक ऑगस्ट २०२४ मध्ये उघडले. येरवड्यात राहणाऱ्याने सहा महिने स्वतःच्या डोक्यावरून गाडी जाताना पाहिली. ‘लाईन सुरू झाली’ ही बातमी खरी होती, फक्त त्याच्यासाठी नव्हती.

आणि आपल्या खान्देशकरांचे काय? धुळे, शिरपूर, शिंदखेडा, जळगाव इकडून जाणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर उतरत आला. मेट्रोच्या भुयारी स्थानकाच्या कामासाठी तो स्टँड २०१९ च्या अखेरीस तात्पुरता म्हणून वाकडेवाडीला हलवला गेला. पुढे शिवाजीनगरचे मेट्रो स्थानक उघडले, तेव्हा स्टँड मात्र वाकडेवाडीतच होता. म्हणजे एसटीतून उतरून मेट्रोत बसायचे, तर आधी बोचकी घेऊन रिक्षा करायची. नकाशावर ‘शिवाजीनगर’ हे एकच नाव दोन्हींना लागते, पण पायाला ते अंतर कळते. गावाकडून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अपुरा मार्ग आणि अपुरे बांधकाम

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. मार्ग अपुरा असणे ही एक गोष्ट आहे आणि बांधकाम अपुरे असणे ही दुसरी.

आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने. ती गाडी कुठवर गेली? ठाण्यापर्यंत, ३४ किलोमीटर. रेल्वेला जायचे होते घाट चढून दख्खनमध्ये, पण कंपनी तोवर थांबली नाही. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, गाडी कल्याणला गेली आणि बोरघाटातून वर चढायला १८६३ साल उजाडले. तेव्हा रेल्वे अपुरी होती, पण बोरीबंदर ते ठाणे हा तुकडा मात्र पुरा होता. आमच्या शिंदखेड्यावरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लाईनचे दुहेरीकरणही आम्ही असेच तुकड्या-तुकड्याने होताना पाहिले. एका स्टेशनपासून पुढच्या स्टेशनपर्यंत दुसरा रूळ पडला की तेवढ्या भागात क्रॉसिंगसाठी थांबणे कमी व्हायचे. पुरी लाईन होईपर्यंत तो रूळ गंजत ठेवण्यात काहीच शहाणपण नव्हते.

आपल्या शेतकरी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. कापसाचे सगळे शेत एका दिवशी फुटत नाही. पहिली वेचणी होते, मग दुसरी, मग तिसरी. फुटलेले बोंड वेचायचे, हिरवे बोंड राहू द्यायचे. सगळे फुटेपर्यंत थांबलो तर पहिला कापूस मातीत जातो; आणि घाईने हिरवे बोंड तोडले तर हाती काहीच लागत नाही. मेट्रोचेही तेच आहे. फुटलेला तुकडा जरूर वेचावा. पण बोंड खरोखर फुटले आहे का, हे पाहणाऱ्याची नजर साफ हवी.

कच्चे राहिलेले काम प्रवाशांच्या शेजारीच असले तर काय होते, हे मुंबईने पाहिले. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, तीन टप्प्यांत उघडली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या स्थानकापाशी, एका प्रवेशद्वाराच्या बाजूला ठेवलेल्या लाकडी सामानाला आग लागली. धूर पसरला आणि त्या स्थानकावरची सेवा काही काळ थांबवावी लागली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

दुसरा टप्पा वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, मे २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात. आणि २६ मे २०२५ रोजी मुंबईत पाऊस वेळेच्या बराच आधी, धो धो कोसळला. आचार्य अत्रे चौक स्थानकाचे एक प्रवेशद्वार अजून बांधले जात होते. तिथे पाणी अडवण्यासाठी उभारलेली भिंत कोसळली आणि रस्त्यावरचे गढूळ पाणी थेट फलाटावर उतरले. सुरू होऊन पुरते तीन आठवडेही न झालेले स्थानक चिखलाने भरले, गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. तेव्हाही कोणी दगावले नाही, अल्लाहची मेहरबानी. पण विचार करा, त्या वेळी फलाटावर एखादी अम्मा नातवाचा हात धरून उभी असती तर?

इथे गाडीत दोष नव्हता, रुळात नव्हता, सिग्नलमध्ये नव्हता. स्थानकाला अनेक दारे असतात. त्यांतली काही पुरी झाली की स्थानक वापरण्याजोगे मानले जाते आणि उरलेल्या दारांचे काम चालू राहते. पाणी आले ते त्या उरलेल्या दारातून. घराची तीन दारे लावली आणि चौथ्याला ताडपत्री बांधली, तर चोर कुठून येईल हे सांगायला नको. ही मेट्रो पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके. आज लाखो लोकांना तिचा उपयोग आहे आणि त्याबद्दल राबणाऱ्या इंजिनिअर-मजुरांचे आभारच मानले पाहिजेत. पण तीन आठवड्यांचा तो धडा विसरता कामा नये.

तपासणारा कोण?

‘मग सरकार कसेही उघडून टाकते का?’ असे आमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले. नाही, तसे नाही. २००२ च्या मेट्रो रेल्वे कायद्यानुसार कुठलाही नवा भाग प्रवाशांसाठी सुरू करण्याआधी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते. त्याआधी लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था गाडी वेगवेगळ्या वेगाने पळवून तिचे हेलकावे, तिची स्थिरता पाहते. मग आयुक्त स्वतः येऊन रूळ, सिग्नल, वीज, आग विझवण्याची सोय, बाहेर पडण्याचे मार्ग तपासतात आणि मंजुरी देतात. कधी अटी घालून देतात.

यात एक गोष्ट आम्हाला फार आवडली. हे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात. ते येतात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत. बांधणारा आणि तपासणारा एकाच घरातला नसावा, हा त्यामागचा विचार. आम्ही शिक्षक बोर्डाचे पेपर तपासतो, तेव्हा आपल्याच शाळेचे पेपर आपल्याकडे येत नाहीत, तसेच हे. अमानत सांभाळायची तर हिशेब दुसऱ्याने तपासलेला बरा.

म्हणून उगाच घाबरण्याचे कारण नाही. ज्या भागात गाडी धावते, तो भाग तपासलेला असतो. पण प्रमाणपत्र गाडी सुरक्षित धावेल एवढे सांगते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे सुखाने चढता-उतरता येईल की नाही, पुढची बस मिळेल की नाही, रात्री दहाला रस्त्यावर दिवा असेल की नाही, हे प्रमाणपत्रात लिहिलेले नसते. ते आपल्यालाच पाहावे लागते.

अम्मींचा प्रश्न

मागे एकदा अम्मींना गुडघ्याच्या दवाखान्यासाठी एका मोठ्या शहरात नेले होते. शहराचे आणि स्थानकाचे नाव लिहीत नाही. अशी गोष्ट कुठेही घडू शकते. नवी कोरी मेट्रो, सगळीकडे चकचकीत फरशी. अम्मी गाडीत बसल्या तेव्हा लहान मुलीसारख्या खिडकीबाहेर पाहत होत्या. “माशाअल्लाह, माशाअल्लाह” चालू होते. उतरल्यावर लिफ्ट शोधली. लिफ्टच्या जागी निळे पत्रे लावलेले आणि पाटी : ‘लवकरच सेवेत’. सरकता जिना होता, पण तो वर जाणारा. आम्हाला उतरायचे होते.

अम्मी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, खाली पाहिले आणि म्हणाल्या, “बेटा, रेल तो आ गई, पर उतरने का रस्ता किदर है?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. तेवढ्यात पत्र्यामागून एक मजूर बाहेर आला. डोक्यावर पिवळे हेल्मेट, हाताला सिमेंट. त्याने पाहिले, आत गेला आणि प्लास्टिकची एक खुर्ची घेऊन आला. अजून एका साथीदाराला हाक मारली. दोघांनी अम्मींना खुर्चीत बसवून एक-एक पायरी करत खाली आणले. आम्ही पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. म्हणाला, “लिफ्ट हमीच लगा रहे हैं, अम्मा. अगली बार आओगी तो बटन दबाना.” अम्मी आजही नमाजनंतर त्या पोराला दुआ देतात.

परत येताना आमच्या मनात एकच विचार होता. काम अपुरे होते याचे फार दुःख नव्हते. दुःख याचे की ते आम्हाला आधी कोणी सांगितले नाही. तिकीट देताना खिडकीवरच्या माणसाने ‘तिथे लिफ्ट नाही बरं’ एवढे म्हटले असते, तर आम्ही एक स्थानक आधी उतरलो असतो. अपुरेपणा लपवला की तो फसवणुकीच्या जवळ जातो. बाजारात माल विकताना त्यातला दोष गिऱ्हाइकाला आधी सांगावा, ही शिकवण आपल्या घरात लहानपणापासून दिली जाते. ती धान्याच्या पोत्यालाच लागू आहे असे थोडेच?

मिना-अरफातची गाडी

काम पुरे नसताना गाडी सुरू करायचीच असेल तर ती कशी करावी, याचे एक उदाहरण आपल्यापैकी हाजींना ठाऊक असेल. मिना, मुझ्दलिफा आणि अरफात यांना जोडणारी मेट्रो २०१० च्या हजमध्ये पहिल्यांदा धावली. कंत्राट झाले होते २००९ च्या सुरुवातीला, म्हणजे दोन वर्षांच्या आत काम उभे करायचे होते. साधारण १८ किलोमीटर, नऊ स्थानके. पहिल्या वर्षी सारी यंत्रणा तयार नव्हती. म्हणून काय केले? ती सुमारे ३५ टक्के क्षमतेनेच चालवली आणि त्या साली सौदी व आखाती देशांच्या हाजींनाच तिच्यातून नेले. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, ती पुऱ्या ताकदीने सुरू झाली.

घाई तिथेही होतीच. त्या घाईपायी बांधणाऱ्या चिनी कंपनीला मोठा तोटा सोसावा लागला, हे तिने स्वतः जाहीर केले. पण निदान गर्दी मोजून घेतली. जेवढे तयार, तेवढीच माणसे. उलट जिथे नवी गाडी पाहायला सारे शहर लोटते, तिथे पहिल्या दिवसाची गर्दी हाच धोका असतो. २००२ च्या डिसेंबरात दिल्ली मेट्रो शाहदरा ते तीस हजारी एवढीच सुरू झाली, तेव्हा लोकांच्या रेट्याने यंत्रणेची तारांबळ उडाली होती.

आपल्या देशातली पहिली मेट्रो कोलकात्याची. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा ३.४ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. महिन्याच्या आत शहराच्या दुसऱ्या टोकाला दमदम ते बेलगाछिया हा आणखी एक लहान तुकडा. दोन्ही सुटे. दमदमचा तुकडा इतका सुटा पडला की १९९२ मध्ये तो बंद ठेवावा लागला. सगळी लाईन सलग जोडली गेली ती १९९५ मध्ये. म्हणजे पुण्यात जे झाले ते नवे नाही. आणि पॅरिसची प्रसिद्ध मेट्रो १९ जुलै १९०० रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या १८ स्थानकांपैकी ८ च उघडली होती. फरक एवढाच की बाकीची स्थानके काही आठवड्यांतच उघडली. अपुरे सुरू करणे हा गुन्हा नाही. अपुरे सोडून देणे, किंवा अपुरे असताना पुरे म्हणून सांगणे, ही चूक.

तयार असून बंद

आता दुसरी बाजूही पाहू, नाहीतर न्याय होणार नाही. नवी मुंबईच्या बेलापूर ते पेंधर मेट्रोची पायाभरणी २०११ मध्ये झाली. ११ किलोमीटर, ११ स्थानके. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. गाडी तयार झाल्यावरही लोक वाटच पाहत राहिले. शेवटी १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ती कुठल्याही समारंभाविना सुरू करण्यात आली आणि औपचारिक लोकार्पण नंतर, जानेवारी २०२४ मध्ये झाले. पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी भागाचे उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ ला ठरले होते. जोरदार पावसामुळे कार्यक्रम रद्द झाला आणि २९ सप्टेंबरला ते दूरदृश्य पद्धतीने पार पडले. मार्ग तयार आहे तर पाहुण्यांची वाट कशाला, असा सवाल त्या दिवसांत पुण्यात जोरात विचारला गेला.

म्हणजे पाहा, एकीकडे अपुरे असताना घाई, दुसरीकडे तयार असताना उशीर. दोन्ही वेळा तारीख ठरवताना प्रवाशाची सोय पहिल्या क्रमांकावर नसते. नवी मुंबईने मात्र एक चांगला पायंडा घातला : आधी लोकांना बसू द्या, हार-तुरे नंतर. हा रिवाज सगळीकडे पडला तर निम्मे वाद मिटतील.

भाच्याचे भाडे

घाईचा तोटा सरकारलाच होतो असे नाही, आपल्या खिशालाही होतो. आमचा एक भाचा हिंजवडीत नोकरी करतो. २०२४ मध्ये त्याने खोली घेतली ती हिंजवडी-शिवाजीनगर या होऊ घातलेल्या मेट्रोच्या एका स्थानकाजवळ. २३ किलोमीटरचा हा मार्ग. मार्च २०२५ ही मुदत तेव्हा सांगितली जात होती. घरमालकाने भाडे दीड हजाराने जास्त लावले, का, तर ‘मेट्रो आलीच समजा’. भाचा खूश होता. मार्च २०२५ आला आणि गेला, खांब उभे होते, गाडी नव्हती. वर्षभर त्याने न आलेल्या गाडीचे भाडे भरले आणि मोटरसायकलवरून पाऊस खात ऑफिसला गेला.

त्याच्या अम्मीने आम्हाला फोनवर सांगितले, “भाईजान, पोराने उद्याच्या गाडीवर आजचा पगार लावला.” यापेक्षा नेमके आम्हाला सांगता येणार नाही.

खोली पाहण्याआधी

थोरलीसाठी खोली शोधताना आम्ही हे सारे डोळ्यासमोर ठेवले. ज्यांच्या घरातली मुले शहरात जाणार आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून आमचे नियम इथे देतो.

पहिला, जे आज धावते तेवढेच धरायचे. ‘होणार आहे’, ‘सहा महिन्यांत’, ‘दिवाळीपर्यंत’ या शब्दांवर एक रुपयाही जादा भाडे द्यायचे नाही.

दुसरा, लाईन सुरू आहे एवढ्यावर थांबायचे नाही, आपले स्थानक सुरू आहे का ते विचारायचे. येरवडा-खडकीची गोष्ट विसरू नये.

तिसरा, स्थानकाची कोणती दारे उघडी आहेत ते स्वतः जाऊन पाहायचे. रस्त्याच्या एका बाजूचे दार उघडे आणि दुसऱ्या बाजूचे बंद असेल, तर मुलीला रोज भरधाव रस्ता ओलांडावा लागतो. घरात म्हातारे किंवा अपंग माणूस येणार-जाणार असेल तर दोन्ही टोकांची लिफ्ट पाहायची.

चौथा, शेवटची गाडी किती वाजता आणि स्थानकापासून खोलीपर्यंत शेवटची बस किती वाजता, दोन्ही लिहून घ्यायचे. मेट्रो सुरू असते आणि बाहेर रिक्षावाला दुप्पट मागतो, हा अनुभव सगळीकडचा आहे.

पाचवा, पावसाळ्यात एकदा जाऊन पाहायचे. जिथे काम चालू आहे तिथे पत्र्याला टेकून उभे राहायचे नाही, पाणी उतरताना दिसले की फोन बाहेर काढून चित्र घेत बसायचे नाही, सरळ बाहेर पडायचे. हे मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवावे.

आणि सहावा, काही अपुरे किंवा धोक्याचे दिसले तर लेखी तक्रार करायची. गप्प बसून घरी येऊन सरकारला नावे ठेवण्याने कुणाच्या अम्मींचा जिना कमी होत नाही.

आमच्या दारातली लाईन

हा विषय शहराचाच आहे असे शिंदखेडेकरांनी समजू नये. बोरविहीर-धुळे-नरडाणा हा नवा रेल्वेमार्ग आपल्याच तालुक्यात येऊन भिडणार आहे. धुळे-नरडाणा मार्गाची पायाभरणी १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात झाली. पुढे २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या, १८ हजार ३६ कोटींच्या मार्गाला मंजुरी दिली. आमच्या अब्बांच्या पिढीपासून ज्या लाईनच्या गोष्टी ऐकल्या, ती कधीतरी होईल, इन्शाअल्लाह. तीही एका दिवसात होणार नाही. एखादा तुकडा आधी उघडेल, बाकीचा मागून. तेव्हा आपण टाळ्या जरूर वाजवू. पण त्याच दिवशी विचारू : फलाटावर पाण्याचा नळ लागला का, बायांसाठी स्वच्छतागृह उघडले का की त्याला कुलूप आहे, स्टेशनपासून गावापर्यंत रस्ता झाला का, रात्री दिवा आहे का. हे विचारणे म्हणजे खोड काढणे नव्हे. पायातला खडा चालणाऱ्यालाच कळतो, तेव्हा सांगायचेही त्यानेच.

थोरलीची खोली शेवटी मिळाली ती मेट्रोपासून थोडी लांब, पण कॉलेजला थेट बस असलेल्या गल्लीत. भाडेही बेताचे. सोडायला गेलो त्या दिवशी अम्मी हट्टाने सोबत आल्या. वाकडेवाडीला उतरलो, रिक्षा केली, खोली लावली, संध्याकाळी सगळे मिळून मेट्रोच्या स्थानकावर गेलो. थोरली पुढे झाली, आधी जिना नाही, लिफ्ट शोधली. दिवा लागलेला होता. तिने दादीला हाताला धरून आत घेतले.

अम्मींनी क्षणभर त्या बटनाकडे पाहिले, मग बोट पुढे केले आणि स्वतः दाबले. “बिस्मिल्लाह,” म्हणाल्या. दार बंद झाले आणि लिफ्ट वर निघाली.